लातुरातून रशियन टायपिंग

लातूरच्या कोचिंगच्या गल्लीत नीटला दोनदा आपटलेल्या माणसाला एकच मोठेपण मिळतं: तो पुढच्यांचे फॉर्म भरतो. मी, जुबेर, तेच करून राहिलो. शिवाय माझ्याकडं टायपिंगचं सर्टिफिकेट आहे. टायपिंग क्लासच्या मॅडमनी शिकवलेलं, कानावर पडेल ते बडवायचं, अर्थ विचारायचा नाही.

सोमवारी दुपारी चाकूरचे धोंडप्पा काका आले. सोबत त्यांची लेक शिवगंगा, माझ्याच बॅचची. तिला रशियात डॉक्टरकीची सीट लागलेली. पण कॉलेजचं निमंत्रणपत्र येईना, आणि ते जोडून व्हिसाचा अर्ज त्याच संध्याकाळी जायला हवा होता. एजंट फोन उचलत नव्हता. कॉलेजातली बाई उचलायची, आणि आठ दिवस रशियनमध्ये एकच काहीतरी विचारायची. काका दरवेळी "हाव मॅडम" म्हणून ठेवून द्यायचे.

"भूकंपात घर हललं तवा एवढा भ्यालो न्हवतो," काका म्हणाले.

मी कॉलेजला फोन लावून स्पीकरवर टाकला, भाषांतराचं पान उघडलं. बाई बोलत गेली, मी इंग्रजी अक्षरांत जसं ऐकू येईल तसं बडवत गेलो. पान आपणहून त्याची रशियन अक्षरं करत होतं. मला एक शब्द कळत नव्हता, त्यामुळं हात कुठं अडला नाही. शेजारी मराठी उमटलं: वडिलांचं नाव कुठाय? रकाना रिकामा आहे.

शिवगंगानं कपाळाला हात लावला. परदेशात बापाचं नाव कुणी लावत नाही, असं एजंटानं ठासून सांगितलेलं. आणि आठ दिवस बाप स्वतः फोनवर होता.

मी उत्तर रशियनमध्ये फिरवलं, त्याचा उच्चार मराठीत कागदावर लिहून दिला. काकांनी सोसायटीच्या सभेत करतात तसा घसा साफ केला.

"अत्येत्स एता या. धोंडप्पा."

म्हणजे, बाप मीच. तिकडं बाई इतकी हसली की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन थांबवलं. तिनं नाव तीनदा म्हणून पाहिलं, काकांनी तीनदा मास्तरासारखं दुरुस्त केलं.

वीस मिनिटांत पत्र आलं. मुदतीला अजून दोन तास होते, मी अर्ज पाठवून दिला. मग पत्रासोबतच्या मेलचा मायना भाषांतराच्या पानावर टाकला: आदरणीय शिवगंगा धोंडप्पोव्ना, म्हणजे धोंडप्पाची लेक.

काकांनी तो पुन्हा वाचायला लावला.

"पंचवीस कॉप्या काढ, रंगीत," ते म्हणाले. "चोवीस भावकीला. एक एजंटाच्या दारावर मी सोता चिकटवतो."