फौजेची वकील

भाताच्या पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की किशोरी येऊन बसल्यापासून आम्ही दोघी एक शब्दही बोललो नव्हतो. मी उठून गॅस बारीक केला. झाकण गप्प झालं. मग तिनंच विचारलं, "भावनाला फोन लावशील?"

किशोरी आमच्या शेजारच्या हरेशदादाची बायको. पनवेलच्या कोळीवाड्यात आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. त्यांच्याकडे खोबरं किसलं तरी इकडे ऐकू येतं. आणि भावना माझी धाकटी बहीण, सैन्याच्या कायदा विभागात लेफ्टनंट.

सकाळी त्यांच्या दारात पोलीस येऊन गेले होते. हरेशदादा सैन्यात नायक. रजेवर आला होता आणि रजा संपून महिना उलटला तरी परत गेला नव्हता. पोलीस आले तेव्हा तो खाडीत होडीवर होता. आलेला हवालदार इथलाच, तोंडओळखीचा. जाताना किशोरीला म्हणाला, "वहिनी, पळून गेलेल्यांत नाव लागलंय त्यांचं. मी उद्या येईन. त्याच्या आत स्वतःहून निघाले तर बरं."

किशोरीचे डोळे कोरडे होते. आदल्याच आठवड्यात तिचं बाळ गेलं होतं. त्यानंतर रडायला काही उरलं नसावं.

"लाव ना," ती म्हणाली. "तिनं सांगितलं की होईल."

भावना वकील झाली तेव्हा कोळीवाड्यातली पहिली वकील म्हणून चौकात तिचा फोटो लागला होता. आई-बाबा ते बघायला नव्हते. बाबांच्या मागे घरात आम्ही दोघीच, मग माझं लग्न झालं, माझे मिस्टर इथेच राहायला आले, स्नेहा झाली. स्नेहाला पहिली आंघोळ घातली ती भावनानं. एवढ्याशा पोरीला धरायचा मला धीर होईना. ती म्हणाली, "ताई, सरक, तू नुसती पाणी ओत." तेव्हा ती शेवटच्या वर्षाच्या पुस्तकांत बुडालेली असायची, एका मांडीवर पुस्तक, एका मांडीवर माझी लेक.

सैन्यात वकील लागतात हे तिला हरेशदादानंच सांगितलं होतं. सुट्टीवर आला की ओट्यावर बसून तो तिकडच्या गोष्टी सांगायचा. त्यातच कधीतरी म्हणाला, "आमच्यात पन कोर्ट असतं. तिथं वर्दीतली वकील बाई मी बगितलीय. तू का नाय जात?" भावनानं ते डोक्यात घेतलं. परीक्षा दिली, अर्ज केला. मुलाखतीसाठी पाच दिवस भोपाळला जायचं होतं, आणि हिला तर बस पकडायला धावलं तरी धाप लागायची. मग त्या सुट्टीत हरेशदादानं तिला रोज पहाटे वडाळे तळ्याभोवती पळवलं. तो पुढे, ती मागे. झाडाला दोर बांधून चढायला शिकवलं. हाताची सालं निघाली तर त्याची आई गुणाकाकी हळद लावायची आणि तोंड चालूच ठेवायची.

"कवाशी पलतंय पोर. उरणचा पोरगा बगाया येनार व्हता, त्याच्यापासून पलतंस काय गं?"

"काकी, लग्न झालं की अर्जच करता येत नाही."

"म्हंजी फौजच तुजा नवरा. बरा हाय. सासू नाय, जावा नाय."

हरेशदादा हसून म्हणाला होता, "आये, सासू हाय. तू बगितली नायस आजून."

ती निवडली गेली. चेन्नईला वर्षभर ट्रेनिंग झालं. स्टेशनवर निरोप द्यायला निम्मा कोळीवाडा आला होता, आणि स्नेहा तिच्या गळ्यातून सुटेना. खांद्यावर तारे लागल्यावर ती घरी आली तेव्हा चौकात पुन्हा फलक लागला: आपल्या हक्काची वकील, आता देशाच्या सेवेत. फलक कुणी लिहिला ठाऊक नाही, पण लोकांनी पुढचं सोडून दिलं आणि 'हक्काची' तेवढं लक्षात ठेवलं.

हरेशदादा यंदा रजेवर आला आणि किशोरीला सातव्या महिन्यातच कळा आल्या. मुलगी झाली, तळहाताएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. किशोरीला टाके होते, गुणाकाकीला दवाखान्याच्या लिफ्टचीसुद्धा भीती. सगळं हरेशदादाच बघत होता. रजा संपत आली तेव्हा त्यानं युनिटला फोन केला. थोडे दिवस वाढवून मिळाले. तेही संपले. पुन्हा फोन केला तर, आधी हजर हो, मग अर्ज कर, असं सांगितलं गेलं. त्यानं फोन ठेवला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. त्याला नियम ठाऊक नव्हते असं कसं म्हणू? बारा वर्षं काढली होती त्यानं. पण पेटीतली पोर त्याचं बोट धरायची.

गुणाकाकी येईल त्याला सांगायची, "कोर्टाचं काय झालं तर आपली भावना हाय." गल्लीतले सगळे तेच म्हणायचे. ते ऐकून ऐकून त्यालाही खरं वाटायला लागलं असावं. एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा मला म्हणाला, "बगू. भावना हाय ना."

बाळ गेलं त्या दिवशी भावनानं किशोरीला फोन केला होता. दोघी रडल्या. रजेचं कुणीच काढलं नाही. भावनाला वाटलं, रजा वाढवून मिळालीय. यांना वाटलं, ती वकील आहे, तिला सगळं कळलेलंच असणार, ती आतून बघत असेल.

मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. सगळं सांगितलं. मग एकदम वेगळ्याच आवाजात तिनं विचारलं, "रजेवर नव्हता तो?"

"नाही गं."

"लेखी काही कळवलं? मेल, मेसेज, काहीही?"

मी किशोरीकडे बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"ताई," भावना म्हणाली, "मी त्याची वकील नाही होऊ शकत."

"अगं, पण तू—"

"मी सैन्याची वकील आहे. अधिकाऱ्यांना कायदा सांगते. आरोपीच्या बाजूनं उभं राहायचं काम माझं नाही. त्याच्या युनिटशी माझा काही संबंधही नाही. आणि असता, तर ओळखीचा म्हणून मला बाजूला व्हावं लागलं असतं."

किशोरी पुढे सरकली. "भावना, फक्त येक फोन कर. तुज्या साहेबाला सांग, आमचं मानूस खोटं नाय बोलत."

 भावना म्हणाली, "वहिनी, तो फोन त्याच्याच अंगावर येईल. वजन आणलं म्हणतील." तिचा आवाज फाटला, तो तिनं सावरला. "मी सांगते ते करा. पोलिसांची वाट बघू नका. त्यानं स्वतःहून जायचं. दवाखान्याचा एकूण एक कागद सोबत द्या, बाळाच्या दाखल्यासकट. बाजूनं बोलायला एखादा अधिकारी मागता येतो, तो मागायचा. बाहेरचा वकीलही करता येतो, मी नावं देते."

"नावं नको," किशोरी म्हणाली. तिनं पदर सावरला आणि उठून गेली. फोन चालूच होता.

"ताई," भावना म्हणाली, "गेली का ती?"

"गेली."

"माझ्यावर रागावलीय?"

भात तळाला लागला होता. मी म्हटलं, "नंतर बोलू."

संध्याकाळी गुणाकाकी आली. डोक्यावर पाटी, पाटीवर केळीचं पान. तिनं पान बाजूला केलं. आत जिताडा होता, हातभर लांब, अजून ओला.

आमच्याकडे पेणपासून उरणपर्यंत कुणालाही विचारा, जिताडा कुणाच्या दारात जातो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं असतं त्याच्या. तलाठ्याच्या, फौजदाराच्या, मोठ्या साहेबाच्या. गुणाकाकीनं आम्हाला जन्मभर मासळी दिली. बोंबील, मांदेली, विकून उरलेले निवट्याचे वाटे. कधी पान घालून आणली नाही. पातेलं पुढे कर म्हणायची आणि ओतायची.

"काकी, हे काय?"

"मॅडमला पाठव. बर्फात घालून जातंय म्हनतात." ती उभीच होती. एरवी उंबऱ्यात फतकल मारून बसणारी बाई. "किशोरी पोर हाय, तिला मागता येत नाय. नुसत्या तोंडानं मागितलं तर कोन आयकल?"

"काकी, बस ना. असं नाही गं ते. तिच्या हातात नाही."

"मना म्हायत हाय. साहेब पैला आसंच म्हनतो."

तिनं पाटी ओट्यावर टेकवली आणि पाठ वळवली. मला तिला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू? स्नेहानं माशाच्या डोळ्याला बोट लावून बघितलं. मी पाटी उचलली आणि त्यांच्या दारात गेले.

हरेशदादा दारातच बसला होता. त्यानं मला बघितलं, मग पाटी बघितली. पान थोडं सरकलं होतं, शेपूट दिसत होती. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"आये," तो आत बघून म्हणाला, "हे तू भावनाच्या घरी नेलंस?"

आत भांडी वाजत राहिली.

त्यानं माझ्या हातातून पाटी घेतली. "मनिषा, तिला फोन कर. सांग, हरेशदादा पैल्या गाडीनं निगतोय. कागद घेऊन. आनि सांग..." तो थांबला. "नाय, येवढंच सांग."

तो गेला. पोलीस आले तेव्हा किशोरीनं तिकिटाचा फोटो दाखवला, ते मान हलवून परत गेले.

निकाल पावसाळा सुरू होता होता कळला. स्वतःहून आला, बाळ गेलं, हे सगळं धरलं म्हणे. म्हणून थोडक्यात भागलं: तीन महिने लष्करी कैद आणि नोकरीतून बडतर्फ. पेन्शनला तीन वर्षं कमी पडली. भावना फोनवर म्हणाली, "याहून जास्त झालं असतं, ताई." मी ते किशोरीला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

हरेशदादा परत आला तेव्हा वाळला होता. सैन्यात ड्रायव्हर होता, ते कामाला आलं. आता न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. भिंतीपलीकडून त्यांचे आवाज येतात, पण हळू. आपलं ऐकू जातं, हे त्यांना आत्ताच कळल्यासारखं.

दिवाळीनंतर भावना चार दिवसांसाठी आली. बॅग ठेवली आणि तशीच शेजारी निघाली. मी म्हटलं, चहा घे आधी. म्हणाली, "तिकडेच घेते."

मी स्नेहाला घेऊन मागोमाग गेले. हरेशदादा जेवायला बसला होता. भावना दारात दिसताच तो उठला. हात धुतलेला नाही, बनियनवर, आणि दोन्ही हात सरळ मांड्यांना लावून उभा. ते त्यानं ठरवून केलं नव्हतं. अंगानंच केलं.

"दादा, बस ना," भावना म्हणाली. "जेव."

तो बसेना.

"बसा मॅडम," गुणाकाकी म्हणाली आणि खुर्ची पुढे केली. त्या घरात भावना कधी खुर्चीवर बसली नव्हती. किशोरीनं चहा आणला, पाहुण्यांच्या कपबशीत. भावनानं तो संपवला. हरेशदादा भिंतीकडे बघत उभा होता. ताटातला भात गार झाला. शेवटी तिनं वाकून गुणाकाकीच्या पायाला हात लावला. काकीनं पाय मागे घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही.

घरी येऊन ती न्हाणीत गेली आणि नळ सोडून बसली. बादली भरून पाणी वाहत होतं. मी बंद कर म्हटलं नाही.

चार दिवस ती स्नेहाजवळ झोपली. तिच्या केसांत हात घालून. जायच्या आदल्या दुपारी स्नेहानं मला विचारलं होतं, हरेशमामाला कुणी शिक्षा केली. मी भांडी घासत होते. म्हटलं, त्याचं बाळ आजारी होतं ना, म्हणून तो थांबला, कामावर गेला नाही. तिनं पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, विसरली.

सकाळी रिक्षा आली. भावनानं वर्दी घातली नव्हती, साधाच ड्रेस होता, तरी गल्लीतले लोक बाजूला झाले. शेजारचं दार लोटलेलं होतं. ती त्या दाराकडे बघून थांबली, मग स्नेहाचे दोन्ही गाल धरून तिचा पापा घेतला आणि रिक्षात बसली. रिक्षा वळेपर्यंत तिचा हात बाहेर होता.

स्नेहा माझ्या कडेवर होती. आता ती जड झालीय, कडेवर घ्यायचं वय राहिलं नाही. कोपरा रिकामा झाला तरी ती तिकडेच बघत होती. मग माझा चेहरा तिनं स्वतःकडे वळवला.

"आई, मी खूप खूप आजारी पडले, तर मावशी थांबेल का गं?"