समजूत काढाले आलेले पेशंट

फेल मी झालती, अन् चहा अम्मीले करा लागत होता.

मयतीच्या घरीबी लोक तीन दिवस येतात, मंग येणं बंद करतात. आमच्या घरी येणं बंद करायचं कोणी नावच घेईना. जो येईन तो पलंगाच्या काठावर बसे, मान हलवे, ‘होते बाप्पा असं’ म्हणे, अन् कप हातात येईस्तोवर हालत नसे. मी मधल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली की पडद्याआडून आवाज येई, ‘पोट्टी जेवते तरी काय?’ पोट्टी मस्त जेवत होती. फक्त डोकं तापलं होतं.

परीक्षा होती दुबईच्या लायसनची. तिकडच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागायचं तं इथली डिग्री पुरत नाही, कंप्युटरवर वेगळी परीक्षा द्या लागते. अब्बांचं बाभुळगावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. त्यांनी निकालाच्या आधीच अर्ध्या गावाले सांगून टाकलं, ‘नाजिया दुबईले चालली.’ मंग काय! किराणावाल्या रहमतचाचानं अत्तराची शिशी आणाले सांगतली. शेजारच्या पद्मजाकाकूनं नॉनस्टिकची कढई सांगतली, तेबी खोलगट पाहिजे म्हणे. एकट्या अम्मीनं काही मागतलं नाही.

अन् मी फेल! अब्बा गॅरेजवर सांगत, ‘पोट्टीचं सारं बरोबर होतं, त्या कंप्युटरचंच इंजिन बसलं.’ काकू आली तं डोळ्याले पदर लावूनच आली. “अगं, कळंबच्या चिंतामणीला नवस बोलले होते मी तुझ्यासाठी.” माह्यासाठी का कढईसाठी, हे तिनं सांगतलं नाही.

फेल काहून झाली, ते मले चांगलं ठाऊक होतं. औषधं पाठ होती, डोस पाठ होते. पण त्या परीक्षेत घडीघडी एकच प्रश्न येते, ‘सर्वात पहिले काय कराल?’ पेशंट म्हणते चक्कर येऊन राह्यली, पहिले काय कराल? खाली चार उत्तरं. मी फटकन दाबलं, सलाईन लावा. दुसरा म्हणते पोट दुखून राह्यलं. मी दाबलं, डॉक्टरले बोलवा. बरोबर उत्तर असे, पेशंटजवळ जा, त्याले पाहा, त्याले इचारा. इचारा! माह्या साऱ्या जिंदगीत मी कोणाले इचारलं नाही. यवतमाळच्या एका खाजगी दवाखान्यात काम करत होती, तिथं पेशंट ‘सिस्टर’ म्हणेपर्यंत माही सुई आत गेलेली असे. लोक म्हणत, हात लय हलका हाय. तोंडाचं कोणी काही म्हणत नसे.

आता परीक्षा पुन्हा द्यायची होती. अन् ह्या बाऱ्याले फेल झाली तं अब्बा निकाह लावून देणार होते, तसं त्यांनी साफ सांगून ठेवलं होतं. मी पुस्तकातले प्रश्न सोडवत बसे. अन् पुन्हा सलाईनवरच बोट जाई. रडू येई, मंग राग येई, मंग पडद्याआडून काकूचा आवाज येई.

एक दिवस काकू आली अन् म्हणाली, “नाजिया, मी काय म्हणते, शिलाई मशीन शिकून घे. आपल्या नशिबात नसलं तर उगाच कशाला डोकं फोडायचं?”

झालं! माह्या टाळक्यातली वाफ बाहेर आली. पडदा बाजूले सारला अन् बीपीची मशीन घेऊन तिच्यासमोर जाऊन बसली. “काकू, नशिबाचं राहू द्या. तुमाले काय होते ते सांगा.”

“मला? मला काय होणार?”

“काही तं होत असन. इथं बसायचं तं पेशंट होऊन बसा, नाही तं चहा पिऊन घरी जा.”

काकू आधी फुगली. मंग हळूच म्हणाली, “गुडघा दुखतो गं.”

माह्या तोंडात मलमाचं नाव आलतं. गिळून घेतलं. “कव्हा दुखते?”

“शाल्मली घरी असली की.” शाल्मली म्हणजे तिची सून.

“अन् ते माहेरी गेली की?”

“मग काय, मी गच्चीवर जाऊन पापड घालते.” एवढं बोलून काकूनं स्वतःच जीभ चावली. मंग आम्ही दोघी एवढ्या हासलो का अम्मी स्वयंपाकघरातून पळत आली, तिले वाटलं मी रडून राह्यली.

दुसऱ्या दिवशी काकू दोन बायका घेऊन आली. तिसऱ्या दिवशी ओट्यावर चपलाच चपला. म्या नियम करून टाकला, समजूत काढायची नाही, फक्त दुखणं सांगायचं. जो ‘नशीब’ म्हणन त्याले बाहेर. दवा मी देणार नाही, दवेसाठी डॉक्टरकडे जायचं. लोक म्हणत, दवा नको बाई, तू इचार फक्त. अन् मी इचारत बसे. जीभ दाताखाली दाबून बसे. तुमाले सांगते, सुई टोचणं सोपं, चूप बसणं लय कठीण.

रहमतचाचा म्हणे, “मले काहीच नाही बेटा. बीपी हाय, गोळी चालू हाय.”

“रोज घेता?”

“एक दिवस आड.”

“मंग मधल्या दिवशी?”

“मधल्या दिवशी तुही चाची घेते. तिलेबी बीपी हाय ना! एका पत्त्यात दोघांचं भागते.” अन् हे सांगतांनी चाचाची छाती अभिमानानं फुगली होती. माह्या तोंडात जे आलतं ते दुबईच्या परीक्षेत चाललं नसतं. दोघांलेबी डॉक्टरकडे धाडलं.

परीक्षा जवळ आली. एका जुम्म्याच्या दुपारी कोणीच आलं नाही अन् मले चैन पडेना. अम्मी कप घेऊन आली, सवयीनंच केला होता तिनं. मी म्हणलं, “बस, आज तूच पेशंट.”

“मी ठीक हाय. मले काय धाड भरली?”

पहिलेची मी असती तं ‘बरं’ म्हणून पुस्तकात तोंड घातलं असतं. आता मी बसून राह्यली. तिच्याकडे पाहत राह्यली. अम्मीनं ओढणीचं टोक बोटाले गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“डोकं दुखते,” ते म्हणली.

“कव्हापासून?”

“तुह्या पासपोर्टचा फोटो काढला तव्हापासून.”

मशीन लावली. आकडा लय वर गेलता. पट्टा सोडून पुन्हा बांधला, तरीबी तेवढाच. “अम्मी, एवढे दिवस! अन् झोप?”

“कायची झोप. एक गोष्ट सांगू? चिडशीन तू.”

“सांग.”

“तुहा निकाल आला ना, त्या दिवशी मी दोन रकात नमाज पढली. शुक्रान्याची.”

ऐकता का तुम्ही? मी इकडे उशीत तोंड खुपसून रडत होती अन् माही सख्खी माय आतमध्ये अल्लाचे आभार मानत होती! अन् त्याच हातानं लोकाले चहा देत होती! माह्या कानातून धूर निघाला. तोंड उघडलं. अन् कसं काय कोण जाणे, बंद केलं. “काहून?” मी इचारलं.

“तिकडे तुले ताप आला तं कोण पाहीन? तू तं कोणाले सांगतबी नाही.” ते रडाले लागली. “तव्हापासून जास्तच दुखते. वाटते, परीक्षेच्या आधी ‘पोट्टी इथंच राहू दे’ म्हणलं, त्याच दुवेनं तू फेल झाली.”

“मंग मी नाही जात,” मी म्हणलं.

“पाह्य! पुन्हा न इचारता ठरवलं!” अम्मीनं डोळे पुसले अन् माह्या डोक्यावर टपली मारली. “मी नको जाऊ म्हणलं काय? मले भेव लागते एवढंच म्हणलं.”

“हे पहिले काहून नाही सांगतलं?”

“तू कव्हा इचारलं?”

त्याच दिवशी तिले डॉक्टरकडे नेलं. गोळी चालू झाली, अन् तिचा पत्ता तिच्या एकटीचा.

परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, पेशंट म्हणते मले काही त्रास नाही, सर्वात पहिले काय कराल? मले त्या कंप्युटरसमोर हासू आलं. पहारेकरी बाई डोळे वटारून पाहाले लागली.

पास झाली. अब्बा म्हणे, कंप्युटर दुरुस्त केला वाटते त्याइनं. घर पुन्हा भरलं. रहमतचाचानं अत्तराची आठवण दिली. काकूले कढई आता झाकणासहित पाहिजे होती. या बाऱ्याले चहा मी केला, अम्मीले पलंगावर बसवलं.

सारे गेल्यावर मी तिच्याजवळ बसली. “अम्मी, तू काहीच नाही सांगतलं. तुले दुबईहून काय आणू?”

“मले काय पाहिजे,” ते म्हणली.

मी बसून राह्यली. तिनं ओढणीचं टोक गुंडाळलं.

“रोज फोन करजो,” ते म्हणली. “अन् मी ‘ठीक हाय’ म्हणलं, तं लगेच ठेवू नको.”