मी गळाची काठी, मुक्काम लिंबायत

मी एक गळाची काठी बोलतेय. दचकू नका. दचकणं हे माझं काम आहे, तुमचं नव्हे. पाण्याखाली माशाने आमिषाला नुसतं नाक लावलं तरी माझं टोक थरथरलं पाहिजे, म्हणून मला मुद्दाम तशीच घडवली आहे. जी काठी थरथरत नाही तिला बांबू म्हणतात आणि तिच्यावर चादरी वाळत घालतात.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. काचेच्या बारीक तंतूंचं अंग, बुचाची मूठ, दोरी ओवायला पाच कड्या आणि खाली दोरी गुंडाळायची चरखी. साडेसहा फूट उंची. पण मधून दोन तुकडे होतात, त्यामुळे प्रवासात अडचण नाही. मला बनवलं ते बास नावाच्या एका रागीट, मोठ्या जबड्याच्या माशासाठी. तिथले पुरुष पहाटे उठून हा मासा पकडतात, त्याला फूटपट्टी लावतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि त्याला परत पाण्यात सोडतात. मग घरी जाऊन कोंबडी खातात.

अशाच एका पुरुषाने मला सुरतेला आणलं. सुरतेतल्या एका यंत्रमाग कारखान्याचे मालक छगनशेठ, त्यांचा तो धाकटा भाऊ. भावाला काय आवडतं हे वीस वर्षांत विसरला असावा. छगनशेठच्या घरात कांदासुद्धा जपून येतो, तिथे मी आले डबाभर गळ घेऊन! शेठच्या आईने डबा उघडला आणि किंचाळली, "अरे, आ शुं लाव्यो?" मीही घाबरले. तिचा आवाजच तसा होता.

मग उत्तरायण आलं, म्हणजे इकडची पतंगांची संक्रांत. पंचेचाळीस वर्षांच्या छगनशेठना वाटलं, एवढी छान चरखी फुकट का घालवायची? त्यांनी माझी दोरी काढून फेकली, काचेचा मांजा भरला आणि मला गच्चीवर नेऊन पतंग उडवला. पंधरा मिनिटांत पतंग कापला गेला. माझ्या कड्यांना जे चरे पडले ते आजही आहेत. शेठ म्हणाले, "अमेरिकन माल मां दम नथी."

शेवटी एके दिवशी कारखान्यातली अडगळ काढताना त्यांनी रघुनाथला हाक मारली. "रघुनाथ, तमे लोको तो माछली खाओ ने? लई जा." अशी मी लिंबायतला, सुरतेतल्या कामगारवस्तीत, आले.

रघुनाथ खानदेशातला. बावीस वर्षं शेठच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. दोन खोल्यांचं घर, बायको उषाबाई आणि एकुलती मुलगी धनश्री. शेजारी रिक्षावाला सुकदेव. त्याने आयुष्यात एकच मासा पकडला होता, तोही बाजारात, शेपटीला धरून. पण मी येताच तो मासेमारीचा तज्ज्ञ झाला. पुरुषांचं हे मला फार नवल वाटतं. हातात काठी आली की ज्ञान आपोआप येतं.

माझ्या डब्यात काय काय होतं: एक चकचकीत पत्र्याचा मासा, एक जांभळा रबरी किडा, दोन रबरी बेडूक आणि एक इंग्रजी पुस्तक. ते वाचणार कोण? सगळ्यांच्या माना धनश्रीकडे वळल्या. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. कुकरची शिट्टी झाली की हातातली वाटी पाडणारी मुलगी. तिला पाहताच मला बरं वाटलं. म्हटलं, ही आपल्यातली दिसते.

ती अडखळत, शब्दकोश उघडत वाचू लागली. "लांब काठीने आमिष लांब जातं, आखूड काठीने नेमकं जातं. उघड्या पाण्यात बारीक दोरी, पानं आणि झुडपं असतील तिथे जाड. पाणी नितळ असेल तर आमिष साध्या रंगाचं घ्या, गढूळ असेल तर भडक."

सुकदेवने विचारलं, "आणि सोमवारी गुलाबी, गुरुवारी निळं असेल तर?"

कारण डाईंगवाल्यांच्या कृपेने इकडच्या खाडीचं पाणी साड्यांच्या रंगाप्रमाणे बदलतं. धनश्रीने बिचारीने शेवटची चार पानं उलटून पाहिली. "नाही दिलंय, काका."

तीन महिने ही चर्चा चालली. रोज संध्याकाळी रघुनाथ मला पुसायचा, सुकदेव माझं टोक वाकवायचा, दोघं मान हलवायचे. नवी नायलॉनची दोरी आली. दात असलेल्या माशासाठी टोकाला जाड दोरीचा तुकडा लावावा असं पुस्तकात होतं, म्हणून तसे दोन तुकडेही आले. पाणी मात्र मी अजून बादलीतच पाहत होते.

मासा पकडून सोडतात हे ऐकल्यावर उषाबाई म्हणाल्या, "सोडायचा तर पकडायचा कशाला? आणि तुमचं काय चाललंय? तीन महिन्यांत माशाने अंडी घातली असतील, पिल्लं मोठी होऊन त्यांची लग्नंसुद्धा लागली असतील."

लग्न हा शब्द त्या घरात निघायला नको होता. कारण मे महिन्यात रघुनाथचे वडील, धुडकू आबा, डोळे दाखवायला गावाहून आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण घरात शब्द त्यांचाच. आबांनी तापीच्या काठावर जन्मभर बांबू आणि जिवंत बेडूक घेऊन मरळ पकडली होती. मरळ म्हणजे आपल्याकडचा बासच समजा. तसाच रागीट, तोंडात दात जास्त.

आल्या दिवशीच आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, "बारावी व्हयनी, तेरावी व्हयनी. आते बस. पोरले मनासंगे गावले लई जास. एक घर पाही ठेवेल शे."

धनश्रीच्या हातून पुस्तक पडलं. आबांनी विचारलं, "काय पडनं?"

"पुस्तक आहे, आबा. मासे पकडायचं."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पुस्तक वाचीसन मासा सापडस? मंग दाखाड! सापडना ते शिक पुढे. नही सापडना ते चाल मनासंगे."

मासा सापडला तर कॉलेज, नाहीतर गाव. ते थट्टेत बोलले की खरं, कुणालाच कळलं नाही. पण रघुनाथने छाती पुढे काढली. "बाबा, मासा आणून दाखवतो!" मुलीचं कॉलेज पणाला लागलं होतं आणि बाप फुशारकी मारत होता. मला थरथर सुटली. कोपऱ्यात धनश्रीलाही.

वीजकपातीच्या दिवशी लूम बंद असतात. त्या दिवशी सकाळी सुकदेवच्या रिक्षात पाच माणसं आणि मी असे शहराबाहेर पलसाण्याच्या बाजूला निघालो. हायवे सोडून आत एक गावतळं होतं. एकाच रंगाचं पाणी, काठाला कमळाची पानं. मरळीचं घरच ते.

आता गाठीची वेळ आली. बारीक दोरीला एक जाड तुकडा जोडायचा होता.

"पप्पा, पुस्तकात पाच वेढे सांगितलेत. आणि गाठ थुंकीने ओली करून हळू आवळायची, नाहीतर नायलॉन सटकतं."

रघुनाथने तिच्याकडे असं पाहिलं की ती एक पाऊल मागे सरली. "गाठ? मला गाठ शिकवते? बावीस वर्षं लूमवर सुताचे तुटलेले तार सांधतोय. दिवसाला दोनशे! एक गाठ सुटली असेल तर दाखव."

आणि त्याने बोटं फिरवली. तीन सेकंद. खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिले. इतकी बारीक, इतकी सपाट गाठ कुठलं यंत्रही मारणार नाही. पण लूमच्या तारात शेकडो तंतू असतात. गाठीत ते एकमेकांना धरून ठेवतात. नायलॉनची दोरी एकटी आणि गुळगुळीत. ती कुणालाच धरत नाही. हे मला कळत होतं. पण काठीला विचारतो कोण?

"आणि पप्पा, चरखीचा ब्रेक थोडा सैल ठेवायचा, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी..."

"सैल? ताण्याच्या उभ्या धाग्यांत सैल तार ठेवला तर कापड होईल का? काहीतरीच!" त्याने ब्रेक कचकचून आवळला.

रबरी बेडूक पानांवर जाऊन पडला. धनश्री हळू आवाजात वाचत होती, "थोडा ओढा, थांबा. पुन्हा ओढा, थांबा. माशाने झडप घातली तरी लगेच खेचू नका. दोन आकडे मोजा."

पाणी फुटलं. रघुनाथने तत्क्षणी खेचलं. बेडूक उडून सुकदेवच्या टोपीवर बसला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा रघुनाथ बिडी पेटवत होता म्हणून उशीर झाला आणि मासा लागला!

काय मासा होता! मी पुरी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की मी कशासाठी जन्मले. रघुनाथ ओरडला, "बाबा, आला, आला!" आणि एकदम सगळं हलकं झालं. मी सरळ उभी राहिले. मासा गेला, बेडूक गेला, जाड तुकडाही गेला.

"तुटली!" रघुनाथने मला गवतात टाकलं. "पुस्तकच खोटं! अमेरिकेचं पुस्तक, अमेरिकेची काठी! तरी मी म्हणत होतो..."

तो काय म्हणत होता हे कुणालाच आठवत नव्हतं. आबा उठले. "चाल बेटा. व्हई गयं."

धनश्री गवतात वाकली. तिने मला उचललं आणि, हात रिकामे ठेवायची भीती वाटत असावी म्हणून, उरलेली दोरी गुंडाळू लागली. दोरीचं टोक तिच्या बोटाला लागलं आणि ती दचकली. टोक सरळ नव्हतं. वेलीच्या तणाव्यासारखं गोल गोल वळलेलं होतं.

"पप्पा, ही तुटलेली नाही."

"गप बस."

"तुटली असती तर टोक असं वळलं नसतं." आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झालं.

"इकडे लय," आबा म्हणाले. त्यांनी टोक दोन बोटांत धरलं. डोळ्यांना दिसत नसलं तरी बोटांना सगळं दिसत होतं. बराच वेळ ते टोक चाचपत राहिले.

"रघ्या, हाई तुटेल नही. सुटेल शे. गाठ कोनी बांधी?"

सुकदेवला अचानक रिक्षाच्या चाकातली हवा बघायची आठवण झाली.

"पुस्तकनी गाठ कशी शे?"

"ती... ती बांधलीच नाही, आबा."

"मंग बांध."

तिने जाड दोरीचा दुसरा तुकडा घेतला. पाच वेढे. एकदा चुकले, पुन्हा पाच वेढे. मग ती लाजून थांबली. उषाबाई म्हणाल्या, "थुंक गं! इथे कोण पाहुणा बसलाय?" गाठ ओली झाली, हळू आवळली. पाऊण मिनिट गेलं. दुसरा बेडूक लागला. ब्रेक सैल झाला.

पहिल्यांदा बेडूक तिच्याच पायाशी पडला, दुसऱ्यांदा उषाबाईंच्या पदरात. तिसऱ्यांदा पानांच्या कडेला. थोडा ओढला, थांबली. थोडा ओढला...

पाणी फुटलं, आणि धनश्री भीतीने जागच्या जागी थिजली. हात हलेना, श्वास चालेना. पुस्तकात सांगितलेले ते दोन आकडे जगात आजवर कुणी इतके नीट पाळले नसतील. दोरी सरकू लागली तेव्हा तिने किंचाळून मागे उडी मारली, आणि त्या उडीने गळ बसला!

चरखी गरगरली. "तुटली, तुटली!" ती ओरडली. "अगं, तूच सैल ठेवलीये!" उषाबाई ओरडल्या. रघुनाथ ब्रेक आवळायला धावला, तर त्याचा सदरा मागून त्यांनी मुठीत धरला. "तुम्ही हात लावायचा नाही."

मासा दमला. आबा धोतर वर करून गुडघाभर पाण्यात उतरले आणि कल्ल्यात बोट घालून त्यांनी तो बाहेर काढला. पहिल्याच्या निम्मा असेल. आबांनी तो हातावर तोलला.

"बारीक शे," ते म्हणाले. "पन मासा शे." मग मासा उषाबाईंकडे देत त्यांनी विचारलं, "कालेज कधी उघाडस?"

"सोळा जूनला."

"मंग मनासंगे कसाले येस?"

तो मासा त्या दिवशी काळ्या मसाल्याच्या रश्शात गेला. फोटो नाही, फूटपट्टी नाही. मला हे जास्त प्रामाणिक वाटलं.

आज या गोष्टीला दोन वर्षं झाली. धनश्रीचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं. अजून कुकरच्या शिट्टीला दचकते. मी टीव्हीच्या वर दोन खिळ्यांवर आडवी असते. उषाबाई कधीकधी माझ्यावर टॉवेल वाळत घालतात, म्हणजे माझा अखेर बांबू झालाच. आणि रघुनाथ पाहुण्यांना गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मासा दोन किलोचा होता, आता पाच किलोचा आहे. तो रघुनाथने पकडला आहे. गाठ त्यानेच मारली, दोन आकडे त्यानेच मोजले. "पोरगीही होती सोबत," असं तो शेवटी म्हणतो. तेवढ्यात ती चहाचे कप घेऊन बाहेर येते, काही न बोलता ठेवते आणि आत जाते. पाहुणे "वा, वा" करतात.

मी सांगणार कशी? मला तोंड नाही, टोक आहे. म्हणून तुम्हाला एकच विनंती. कधी लिंबायतला आलात आणि चहा पिताना ही गोष्ट ऐकावी लागली, तर वर माझ्याकडे बघा. बेडूक आणि जाड दोरी अजून तशीच लटकलेली आहे. मधली पाच वेढ्यांची गाठ बोटांनी चाचपा. हवी तर जोरात ओढून पाहा. मग हळूच विचारा, ही बांधायला किती वेळ लागला?

रघुनाथ म्हणेल, तीन सेकंद.