धोंडाबाईचा पाटा

दार ढकलून लंकाबाई आत गेली आणि चहाची कपबशी तिच्या हातातून सुटून फरशीवर फुटली.

अंथरुणावर बसलेली मुलगी आपलीच का, हेच तिला क्षणभर कळेना. आरतीच्या डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. ओठ टम्म फुगलेले, आणि गालावर, गळ्यावर, दंडावर लाल चट्टे उठून त्यांवर पाण्याचे बारीक फोड आलेले.

"आये, लई आग व्हतीय गं," आरती म्हणाली, तेही धड उमटलं नाही.

आज गोरज मुहूर्तावर या पोरीचं लग्न होतं. पिंपरी पेंढारच्या त्या घरापुढं मांडव उभा होता, चुलवणावर आचाऱ्याची कढई चढली होती, आणि शिनोलीहून दुपारपर्यंत वऱ्हाड निघायचं होतं. रात्री पोर हसत झोपली होती. सकाळी हे!

पोरीच्या दुखण्यापेक्षा लंकाबाईला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटली. खोटं कशाला बोला, आधी तीच वाटली. आरती तान्ही असताना तिचं पोट फुगलं, तेव्हा लंकाबाईनं गावच्या रीतीनं बेंबीशेजारी बिब्याचं तेल लावलं होतं. बिबा कुणाला सोसतो, कुणाला उततो. आरतीला असा उतला की कातडी सोलून निघाली आणि रुपयाएवढा पांढरा डाग कायमचा राहिला. तोच डाग कुण्या पाहुणीनं आंघोळीच्या वेळी पाहिला आणि "पोरीला कोड हाय" म्हणून गावभर केलं. ठरत आलेली सोयरीक मोडली. लंकाबाई ज्याला त्याला सांगत सुटली, अहो बिबा आहे, बिबा! पण आईचं कोण ऐकतं? आई तर झाकणारच, असंच लोक म्हणाले. त्यानंतर कुणी उंबरा चढेना. शिनोलीच्या अमृतचं स्थळ आलं, तेव्हा कुठं तिला घास गोड लागला होता.

आणि आता हे तोंड घेऊन पोर मांडवात उभी राहणार?

"कुणाला आत सोडू नका," तिनं नवऱ्याला, भगवंतरावांना, दारातच अडवून सांगितलं. ते बिचारे आत डोकावले आणि पांढरेफटक पडले. "डाक्टर आणू का?" एवढंच त्यांना सुचलं.

"आणा की! आन् डाक्टरच्या मागं समदं गाव बी आणा!" लंकाबाई कडाडली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि घाबरली की ती जीभ जास्तच चाले. तिची स्वतःचीही बोटं रात्रीपासून चुरचुरत होती, पण कालच्या मसाल्याची मिरची लागली असेल म्हणून तिनं तिकडं लक्षच दिलं नव्हतं.

तेवढ्यात मांडवापाशी जीप थांबल्याचा आवाज आला. शिनोलीची जीप, आणि आत एकच माणूस. अमृतचा चुलता हौशीराम. वऱ्हाडाच्या आधी, एकटा, सकाळी सकाळी आलेला. लंकाबाईला वाटलं, बातमी पोचली! कशी पोचली, हे विचारायचंही तिला भान उरलं नाही.

हौशीराम ओसरीवर बसला. पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्याला हात लावीना. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत म्हणाला, "इहीणबाई, आज लगीन व्हत नाय."

लंकाबाईनं डोळे मिटले. झालं. पुन्हा झालं.

"तुमी आमाला काय बोलायचं ते बोला," हौशीराम पुढं म्हणाला, "पर आमी तुमाला फसवलं न्हाई. काल सांजपर्यंत पोरगं चांगलं व्हतं. रातीत त्याचं तोंड असं सुजलंय का डोळं दिसंना. अंगभर फोड. अमृत म्हणतोय, ह्या तोंडानं मी पोरीम्होरं उभा ऱ्हाणार न्हाई. ती बघून पळंल."

लंकाबाईनं डोळे उघडले. आपण काय ऐकलं ते तिला पुन्हा ऐकावंसं वाटलं.

"कुनाचं तोंड?"

"अमृतचं. आन् हळद वाटणाऱ्या बायांचं हात बी सुजल्यात."

हळद! नवऱ्याच्या अंगाला लागलेली उष्टी हळद नवरीला लागते. काल दुपारी याच जीपमधून ती हळद वाटीत झाकून आली होती आणि लंकाबाईनं स्वतःच्या हातानं पोरीला चोळली होती. तिनं आपली चुरचुरणारी बोटं पाहिली. बारीक फोड होते.

"पावणं," तिनं हळूच विचारलं, "हळद कशावर वाटली?"

"आमच्या आईच्या पाट्यावर. दुसऱ्या कशावर?"

"आन् त्याच्या आधी त्या पाट्यावर काय केलं व्हतं?"

हौशीराम आठवू लागला. "अमृतची बहीण बाळंत झालीया. तिच्या डिंकाच्या लाडवात बिब्याच्या आतली गोडंबी घालायची म्हणून आईनं परवा बिबं फोडलं. पर पाटा धुतला व्हता की पाण्यानं."

पाण्यानं! बिब्याचं तेल आणि पाण्यानं धुतलं! हौशीरामच्या आईला, धोंडाबाई म्हातारीला, जन्मात कधी बिबा उतला नव्हता, म्हणून तिला त्याची धास्ती नव्हती. लंकाबाईच्या जिभेवर अशा शिव्या आल्या की ओसरीचे वासे हलले असते. पण तिनं त्या गिळल्या. भांडायचं तर पोरीचं तोंड दाखवावं लागेल. आणि ते दाखवलं की लोक म्हणतील, बघा, बिब्याचं निमित्त करून कोड झाकतायत. एकदा म्हणालेच होते. त्यापेक्षा गप्प बसावं. दोष त्यांच्या पोराचा, मोठेपणा आपला.

"असू द्या पावणं," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "दुखणं कुनाला चुकलंय? पुढला मुहूर्त..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. खोलीचं दार उघडलं आणि आरती ओसरीवर आली. डोक्यावर पदर नव्हता. मांडवात केळीचे खुंट बांधणारी माणसं, आचारी, पाणी भरणाऱ्या बाया, सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. एक बाई "आगं बया!" म्हणून मागं सरली.

"काका," आरती सुजलेल्या ओठांनी म्हणाली, "त्यांना सांगा, मी बी अशीच दिसतीय. त्यांनीच पळू नये म्हंजे झालं."

हौशीरामनं तिच्याकडं पाहिलं, आणि टोपी तोंडाला लावून तो मोठा गडी लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. लंकाबाईला पोरीचा राग आला होता आणि तिच्या पाया पडावंसंही वाटत होतं.

निरोप शिनोलीला पोचला आणि लग्न त्याच दिवशी, गोरज मुहूर्तावर लागलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा अख्खा मांडव हादरला. हातातल्या अक्षता हातातच राहिल्या, आणि वाजंत्र्याची पिपाणी मध्येच बंद पडली. खोबरेलानं चकाकणारी दोन सुजलेली तोंडं एकमेकांसमोर उभी होती. अमृतचा एकच डोळा उघडत होता. तेवढ्यानं त्यानं नवरीला नीट पाहिलं आणि फिस्सकन हसला. आरतीलाही हसू फुटलं, मग दोघंही ओठ दुखले म्हणून कळवळले.

मग आतल्या खोलीत धोंडाबाई आली. हातात खोबरेलाची वाटी, आणि पाट्याचं कळल्यामुळं मान खाली. बायांच्या गर्दीत तिनं स्वतः आरतीच्या अंगाला तेल लावायला घेतलं. दंड झाले, पाठ झाली, आणि कमरेशी येताच म्हातारीचा हात थबकला. बेंबीशेजारी तो पांढरा डाग होता. दारात त्याच बाया उभ्या होत्या, ज्यांनी वर्षानुवर्षं या डागाची चर्चा केली होती.

म्हातारीनं डागावरून अंगठा फिरवला, डोळे जवळ नेऊन तो पाहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आगं, ह्यो तर बिबाच! पोरीला लहानपणी बी उतलाय. आधी ठावं असतं, तर पाटा राखेनं घासला नसता का मी?"

दारातल्या दोघीतिघी बाया मुकाट मागं सरल्या.

लंकाबाई भिंतीला टेकली. ती किती वर्षं घसा कोरडा करून हेच सांगत होती आणि कुणी ऐकलं नव्हतं. आज जिनं तिच्या पोरीचं तोंड जाळलं, तिच्याच तोंडचं सगळ्यांना पटलं. म्हातारीच्या झिंज्या धराव्यात की पाय, तेच तिला कळेना. शेवटी तिनं वाटी पुढं ओढून घेतली, आणि त्याच तेलानं धोंडाबाईचे सुरकुतलेले हातही चोळायला घेतले.