भरलेली शीर

“अनसूया, शीर बघितल्याशिवाय पुढची बाटली लावायची नाही हं.” पहाटे देवापुढे वात लावताना डॉक्टर प्रमोदिनीबाईंचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग देवाच्या नामाबरोबर त्यांचंही नाव ओठांवर येतं.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. परभणीला बाईंच्या लहानशा दवाखान्यात मी नर्स होते. बोरीच्या लिंबाजीला त्याच्या थोरल्या भावानं, भुजंगरावांनी, जीपमध्ये घालून आणलं. पायात बाभळीचा काटा मोडून आत पू झाला होता आणि त्याचं विष रक्तात उतरलं होतं. अंग तापलेलं, नाडी हाताला लागेना. बाईंनी पू काढला, इंजेक्शनं दिली, सलाइन जोरात सोडलं. मग मला सोनोग्राफीचं मशीन आणायला सांगितलं.

मी ते ढकलत आणलं तसे भुजंगराव म्हणाले, “ओ सिस्टर, हे तर बायांचं मशीन हाय. आमच्या लिंब्याच्या पोटात काय लेकरू बघायलात?”

दारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लिंबाजीची बायको मनकर्णा तेवढी हसली नाही.

बाईंनी त्याच्या छातीखाली मशीनचा दांडा टेकवला. पडद्यावर एक काळी पट्टी दिसू लागली.

“मनकर्णाबाई, इकडे या. ही रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. त्यानं श्वास घेतला की कशी मिटते, बघा. म्हणजे आत पाणी कमी आहे. अजून द्यायचं.”

बाटली संपली की मशीन, मग नवी बाटली. दुपार कलली तशी पट्टी रुंद झाली, श्वासासरशी मिटेनाशी झाली. रक्तदाब मात्र खालीच होता. बाईंनी सलाइन काढलं आणि रक्तदाब चढवायचं औषध थेंबाथेंबानं लावलं.

भुजंगरावांचा चेहरा उतरला. आमच्याकडे बाटली काढली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, एवढंच लोकांना ठाऊक. मग माणसाला घरी न्यायचं, त्याच्याच उंबऱ्याच्या आत तोंडात तुळशीचं पाणी घालायचं. त्यांनी जीपवाल्याला हाक मारली.

“बाई, आता लपवू नका. जीव हाय तवर त्याला त्याच्या दारात नेतो.”

“भुजंगराव, वाटेतच जाईल तो.”

“मग बाटली लावा की! थेंब थेंब टाकायलात, त्यानं काय ताकद येनार?”

बाई बोलायच्या आत मनकर्णा उठली. थोरल्या दिरापुढे तोंड उघडायची तिला सवय नव्हती. पदर कपाळावर ओढून ती भिंतीकडे बघतच म्हणाली, “दादा, सकाळी शीर मिटायली व्हती. आता भरली हाय. म्या सोता बघितलंय. भरल्या वाफ्यात तुमी पानी सोडता का? मुळं कुजतेत म्हनून मलाच तर बोलता.”

भुजंगराव दाराकडे वळले. जीपवाल्याला म्हणाले, “जा बाबा तू.”

संध्याकाळचा जप मी लिंबाजीच्या खाटेशी उभ्यानंच केला. पोखर्णीच्या नरसिंहाला म्हटलं, देवा, हिचा शब्द खाली पडू देऊ नकोस.

उजाडताना लिंबाजीचे पाय हाताला कोमट लागले. मग त्यानं डोळे उघडले. भिंतीला टेकलेल्या भावाकडे बघून पुटपुटला, “दादा, म्हशीला पानी पाजलं का?”

“पाजलं रे, भाड्या,” भुजंगराव म्हणाले आणि तोंड धुवायला बाहेर गेले. बराच वेळ आत आले नाहीत.

आले ते बाईंपुढे हात जोडूनच. “बाई, आमच्या आळीत सरजाबाई हाय. म्हातारी, एकटीच ऱ्हाते. तिचाबी पाय असाच सुजलाय. दवाखान्यात मरायला कशाला जातीस म्हनून म्याच तिला घरी बसवलंय.”

“आजच घेऊन या.”

“आनतो. शब्द हाय माझा.”

मी चहा पुढे केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. रात्रभर जागलेल्या मनकर्णेचा नुकताच डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून चपला हातात धरून, पाय न वाजवता, भुजंगराव बोरीच्या गाडीसाठी स्टँडकडे निघाले.