चालणारा मणी

मित्रांनो, अडगळीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या आवरणाखाली बसलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मी तोंड लपवलेले नाही. ते झाकले गेले आहे.

भिंगे घासणाऱ्या कारागिरांनी मला मोठ्या हौसेने घडवले. जिवंत पेशीत शिरलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण मी दाखवत असे. धुळीचा कण त्यांच्यापुढे डोंगर! त्यांच्या पाठीवर औषध लादायचे आणि ते पेशीच्या गाभ्यात, म्हणजे केंद्रकात पोहोचवायचे, असा प्रयोगशाळेच्या सरांचा मनसुबा होता. कण खरोखर कुठे जातात हे शोधणारी संशोधक म्हणजे आमची ताई.

काय सांगू! मोहरीच्या दाण्यात हजारो पेशी मावतील, आणि एकेकीत देवाने केवढा संसार थाटलेला! दारात कण आला की पेशी त्याला पिशवीत गुंडाळून आत घेई, तंतूंच्या वाटांवरून ओढत नेई, मध्येच माघारी फिरवी. "घ्या! परत फिरला गाढव!" म्हणत ताई हसे, आणि हसता हसता हात जोडी.

मी हललो तर कणच हलल्याचा भास होतो. म्हणून पेशींशेजारी काचेवर ताई एक बारीक मणी चिकटवून ठेवी. मणी स्थिर, तर मी खरा.

मणी स्थिरच होता. पण कण पिशवीत अडकून पडत होते. गाभ्यापर्यंत एकही जात नव्हता.

"खोकड झालंय हे यंत्र," सर म्हणाले.

"सर, मणी बघा की. जागचा हललेला नाही."

"मणी कसला दाखवतेस? कण पोहोचतात म्हणून मी जगभर सांगून बसलोय!"

नाचता येईना, अंगण वाकडे. अंगण मी होतो.

हा झाला पूर्वरंग. आता उत्तररंग ऐका. एका दुपारी पाहुणे येणार म्हणून सरांनी एसी जोरात लावला. गार झोताने माझा धातू आकसला आणि पेशींची काच केसाच्या अंशाएवढी सरकली. केंद्रकाचे चित्र आधीच काढून पडद्यावर ठेवलेले होते. ते जागीच राहिले. त्यावर सारे कण रांगेने चालत निघाले, थेट गाभाऱ्यात! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझी पाठ थोपटली. "शाब्बास रे पठ्ठ्या!"

जन्मभर खरे दाखवले तेव्हा खोकड. घसरलो तेव्हा शाब्बास.

पाहुणे गेल्यावर ताई म्हणाली, "सर, चिकटवलेला मणीसुद्धा चालतोय. मणी चालत नसतो."

"मग चित्राची कड काप. मणी दिसायला नको. आणि खाली तुझं नाव घाल."

"नाही घालणार."

"मग दुसरीकडे बघ."

ताईने माझ्यापुढे बसूनच आईला फोन लावला.

"अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" आई म्हणाली.

"आई, उद्या तुझ्यासारख्याच कुणाच्या तरी शिरेत हे औषध सोडतील. ते पिशवीत अडकून बसेल, आणि ती बिचारी गुण यायची वाट बघत राहील."

मग आई एवढेच म्हणाली, "जेवलीस का?"

ताईने माझे भिंग पुसले. रोज निघताना ती "येते हं" म्हणे. त्या दिवशी "जाते" म्हणाली.

चित्र कापले गेले. गाजलेही. पुढे सरांनी नव्या संशोधकांना ते पुन्हा काढायला लावले. कण गाभ्यात जाईनात. कसे जातील? एसी मंद होता आणि मी खरा. दोष अर्थातच यंत्राचा. म्हणून मी इथे.

मित्रांनो, गंज चढतो याचे मला दुःख नाही. लोखंडाच्या कपाळी ते लिहिलेलेच असते. पण कधी या खोलीत आलात तर मऊ कापडाने माझे भिंग पुसा. काय पाहिलेस, हेही मला पुसा. मात्र जे दिसले, ते पुसू नका.