भट्टीला अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नगरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमधली भट्टी रुसली. पंप घरघरत होता, पण काटा जागचा हलेना. भट्टीतली हवाच निघत नव्हती.

भट्टी चालवणाऱ्या मच्छिंद्रनं पंप बंद करून पुन्हा चालू केला. आत लंकाबाईनं साच्यात दाबून मांडलेली ड्रिलची कार्बाईडची टोकं होती, अजून खडूसारखी ठिसूळ. हवा काढून तापवली तरच ती खडक फोडणार. हवा राहिली तर भंगार. तिकडं पारनेरजवळ त्याच्या गावची दुष्काळातली विहीर काळ्या पाषाणावर अडली होती. ड्रिलची जुनी टोकं बोथट झालेली. "नवी मी आणतो," असं तो पारावर छाती ठोकून सांगून आला होता.

मालक शामकांत पुण्याचा इंजिनिअर. आला तोच तापून.

"खंडेनवमीला भट्टीची पूजा कुणी केली?"

"आमी समद्यांनी. नारळ तुमीच फोडला की," मच्छिंद्र म्हणाला.

"मी बाहेर फोडला! तुम्ही लोकांनी दारात काहीतरी कोंबलं असणार. यंत्र आहे ते, म्हसोबा नाही!"

शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं. काही बिघडलं की बोट आधी खालच्याकडं जातं.

मच्छिंद्रनं दार उघडलं, दाराच्या रबरी कड्यावरून बोट फिरवलं. एका जागी टोचलं. नखानं उकरलं, तर कुंकवात माखलेला तांदळाचा दाणा. त्याच्यामुळंच दार घट्ट बसत नव्हतं.

"बघा! अक्षता! सांगितलं नव्हतं?" शामकांत ओरडला.

लंकाबाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "सायेब, आमी अक्षता मिलोच्या टाकल्या. रेशनची तांबडी मिलो जवारी. आमच्या गल्लीत तांदूळ दिसून वरीस व्हत आलं. ह्यो दाना मोठ्या घरचा हाय."

शामकांतचे कान लाल झाले. "सगळे गेल्यावर... पहिलीच खेप ना. आमच्या हिनं पुडी बांधून दिली होती. म्हटलं, आत चार दाणे टाकावेत."

"इंजिनेर असून?" मच्छिंद्रनं विचारलं.

"इंजिनिअर आहे म्हणूनच जास्त भीती वाटते रे!"

अख्खी शेड खदखदून हसली. शामकांतही हसला; दुसरं करणार काय! कडं पुसलं, दार आवळलं, काटा सरसर उतरला.

भट्टी निवल्यावर टोकं निघाली. आक्रसलेली, काळपट, चकचकीत. "आंग चोरलं बगा पोरींनी," लंकाबाई म्हणाली. मच्छिंद्रनं एक उचललं अन् मालकाच्या केबिनच्या काचेवर ओढलं. कर्रर्र! पांढरी रेघ उमटली. शामकांतनं त्या रेघेवरून बोट फिरवून पाहिलं.

टोकं ड्रिलला बसली. गावच्या विहिरीत काळ्या पाषाणाचा भुगा उडाला. त्यातला मूठभर मच्छिंद्रनं पुडीत बांधून मालकाच्या टेबलावर आणून ठेवला.

"पुढल्या खंडेनवमीला हे उधळा, सायेब. पन भट्टीच्या भाईर. तांदूळ आमच्याकडं द्या, भात करतो."